खापर फोडायला एक माणूस लागतोच

चालकाशिवाय चालणाऱ्या मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएमने भरवलेल्या कार्यक्रमात त्यांनी ते पुन्हा ठासून सांगितले. कारणही आडपडदा न ठेवता दिले: या गाड्या आल्या तर ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल. कुणाला ही भूमिका मागास वाटेल. मला ती निदान सरळ वाटते. पण तिचा नेम चुकला आहे. ज्या गाडीला ते अडवू पाहतात ती इतक्यात आपल्याकडे येणारच नव्हती. जी अर्धीमुर्धी स्वतः चालते ती मात्र शोरूमच्या दारात नारळ फोडून, हार घालून कधीच घरी आली. महिंद्राची एक्सयूव्ही७०० २०२१ साली आली ती आपल्याच चाकणच्या कारखान्यातून. त्याच वर्षी एमजीची अ‍ॅस्टर आली, पुढे टाटांची हॅरियर, मग इतर.

या सोयीला बाजारात सगळे अ‍ॅडास म्हणतात. समोरच्या गाडीपासून अंतर राखणे, पट्ट्यांच्या मधोमध गाडी ठेवणे, आडवे काही आले तर आपणहून ब्रेक दाबणे, अशी कामे ती करते. आणि लोकांनी तिचे काय केले? समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरल्या. द्रुतगती मार्गावर गाडी धावते आहे, स्टिअरिंगवर हात नाही, चालक सीटवर मांडी घालून बसला आहे, कुठे शेजारच्याशी पत्ते खेळतो आहे. खाली कौतुकाच्या प्रतिक्रिया. कंपन्यांच्या माहितीपुस्तकात अर्थातच लिहिलेले असते की लक्ष चालकाचेच हवे, जबाबदारी चालकाचीच आहे. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच असते.

मोटार अभियंत्यांची एसएई ही संघटना स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानते. दुसऱ्या पायरीवर हातपाय यंत्राचे, पण डोळे माणसाचे. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत यंत्र पूर्ण चालवते आणि जमेनासे झाले की माणसाला बोलावते. चौथ्या पायरीवर ठरलेल्या भागात माणूस लागतच नाही. पाचवी, म्हणजे कुठेही, कधीही, कसल्याही रस्त्यावर, ही आजमितीला जगात कुणाकडेही नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या पायरीच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. भीती सगळी पाचव्या पायरीची आणि माणसे मरतात ती दुसऱ्या पायरीवर. यंत्र चुकते हे त्यामागचे एक कारण. दुसरे, माझ्या मते मोठे कारण असे की निर्णय घेतो एक आणि दोष लागतो दुसऱ्याला, अशी वाटणी ही गाडी कारखान्यातूनच करून आणते.

ही वाटणी कशी होते हे अमेरिकेतल्या एका अपघाताइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. १८ मार्च २०१८, रात्री दहाची वेळ, ॲरिझोना राज्यातले टेंपी शहर. उबर कंपनीची चाचणीवरची व्होल्वो गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने चालली होती. एक बाई हातात सायकल धरून रुंद रस्ता ओलांडत होती. त्या जागी पादचाऱ्यांसाठी पट्टे नव्हते. गाडीने तिला धडक दिली आणि ती मरण पावली. चालकरहित चाचणीच्या गाडीखाली पादचारी मरण्याची ही पहिली घटना.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दीड वर्ष तपास करून जे मांडले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. गाडीला ती बाई दिसली नव्हती असे नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेने तिला टिपले होते. त्या वेगाला थांबायला तेवढा वेळ पुरतो. पण समोर काय आहे ते यंत्रणेला ठरवता येईना. आधी वाहन वाटले, मग अनोळखी वस्तू, मग सायकल, पुन्हा काहीतरी दुसरे. प्रत्येक वेळी वर्ग बदलला की आधीच्या हालचालीची नोंद हिशेबातून गळायची, त्यामुळे ही वस्तू डावीकडून उजवीकडे सरकते आहे हे यंत्रणेला उमगतच नव्हते. पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणारा माणूस असा विचार तिच्या रचनेतच केलेला नव्हता. धडक अटळ आहे हे कळले तेव्हाही ब्रेक लागला नाही, कारण उगाच कचकन ब्रेक लागू नये म्हणून एक सेकंद काहीच न करण्याची तजवीज अभियंत्यांनी करून ठेवली होती. व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक तर संगणक गाडी चालवत असताना बंदच ठेवलेला असे. आणि पूर्वी चाचणीच्या गाडीत दोन माणसे बसायची, ती कंपनीने एकावर आणली होती.

ते उरलेले एक माणूस, म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेली बाई, त्या वेळी मोबाईलवर टीव्हीचा कार्यक्रम पाहत होती. हा तिचा गुन्हा खराच. मंडळानेही तिचे दुर्लक्ष हेच मुख्य कारण मानले. कंपनीची ढिसाळ सुरक्षा व्यवस्था आणि राज्याची ढिली देखरेख ही कारणे त्यापाठोपाठ आली. पण पुढे काय झाले ते पाहा. २०१९ च्या मार्चमध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केले की कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० मध्ये त्या बाईवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला आणि २०२३ मध्ये तिने कमी गंभीर आरोप मान्य करून तीन वर्षांची देखरेखीखालची शिक्षा पत्करली. एक सेकंद थांबायचे कुणी ठरवले, व्होल्वोचा ब्रेक कुणी बंद केला, दुसरा माणूस कुणी काढला, यातल्या एकालाही कोर्टाच्या पायरीवर उभे राहावे लागले नाही. उबरने २०२० च्या अखेरीस तो विभागच विकून टाकला.

‘लक्ष ठेवायला पगार घेत होती ना?’ असे कुणी म्हणेल. घेत होती. पण माणसाच्या लक्षाबद्दल शास्त्राला जे कळले आहे ते चाळीस वर्षे जुने आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की यंत्र जितके चांगले, तितका त्यावर लक्ष ठेवणारा माणूस कुचकामी होत जातो. सोपी कामे यंत्र करते, अवघड वेळ आली की माणसाला हाक मारते; पण सोपी कामे हातून गेल्यामुळे माणसाचा सराव गेलेला असतो आणि काहीच घडत नसल्यामुळे लक्ष उडालेले असते. वर्षभर चोरी न झालेल्या गोदामाच्या रखवालदाराने पहाटे तीन वाजता नेमके जागे असावे, अशी ही अपेक्षा. समृद्धी महामार्गावर तर गाडी हाताने चालवतानाही सरळ रेषेने डोळ्यांवर झापड येते, याची चर्चा तो रस्ता सुरू झाल्यापासून चालू आहे. तिथे पायही मोकळे आणि हातही मोकळे करून दिले तर काय होईल?

टेस्लाचे उदाहरण याच जातीचे. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलट चालू असलेली टेस्ला आडव्या वळणाऱ्या ट्रेलरखाली गेली. पुढे अशा अपघातांची रांग लागली, आणि रस्त्याकडेला दिवे लावून उभ्या असलेल्या अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांवर आपटण्याचे प्रकार इतके झाले की सरकारी यंत्रणेने वेगळी चौकशी उघडली. त्या चौकशीत सोळा धडका तपासल्या, तेव्हा दिसले की सरासरी एक सेकंदाहूनही कमी वेळ उरला असताना ऑटोपायलटने गाडीचा ताबा सोडला होता. त्या सेकंदाच्या तुकड्यात माणूस काय करणार? पण कागदावर त्या क्षणी गाडी माणूसच चालवत असतो. चौकशी चालू असताना, डिसेंबर २०२३ मध्ये, टेस्लाला अमेरिकेतल्या वीस लाखांहून अधिक गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले, चालकाचे लक्ष टिकवणारे इशारे वाढवायला.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र मायामीच्या ज्युरीने वेगळा हिशेब मांडला. २०१९ साली की लार्गो इथे ऑटोपायलट चालू असताना चालकाचा फोन खाली पडला, तो उचलायला तो वाकला, गाडी चौक ओलांडून बाजूला उभ्या गाडीवर आदळली आणि तिच्याजवळ उभी असलेली बावीस वर्षांची मुलगी गेली. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, हेही नोंदले पाहिजे. ज्युरीने दोष वाटला: चालकाचा ६७ टक्के, टेस्लाचा ३३ टक्के. दंडात्मक भरपाई धरून टेस्लाच्या वाट्याला सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर आले. कंपनीने हा निकाल मानलेला नाही, अपिलाची भाषा केली. मला त्या रकमेपेक्षा त्या खटल्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अपघाताच्या क्षणी गाडीला काय दिसत होते ती नोंद कंपनीला वर्षानुवर्षे सापडत नव्हती. फिर्यादींच्या तज्ज्ञाने ती त्याच गाडीच्या चिपमधून बाहेर काढली. फिर्यादींना चांगले वकील आणि तज्ज्ञ परवडले म्हणून हे झाले.

इथे कुणाला वाटेल की हा लेख यंत्राविरुद्ध आहे. तसा तो नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या मृत्यूमागे स्टिअरिंग माणसाच्याच हातात होते. दारू प्यायलेले, झोप न झालेले, मोबाईलवर बोलणारे, उलट्या दिशेने येणारे, परवाना एजंटाकडून काढलेले. यंत्र दारू पीत नाही. अमेरिकेत वेमो या चालकरहित टॅक्सी कंपनीच्या गाड्या चौथ्या पायरीवर, स्टिअरिंगमागे कुणीही नसताना, फिनिक्समध्ये २०२० पासून लोकांना ने-आण करत आहेत. ५ कोटी ६७ लाख मैलांच्या प्रवासाचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शहरांतल्या माणसांच्या तुलनेत गंभीर इजा होणारे अपघात ८५ टक्क्यांनी कमी आणि पादचाऱ्यांना इजा होणारे ९२ टक्क्यांनी कमी, असे त्यात दिसते. अभ्यास कंपनीच्याच संशोधकांचा आहे, हे ध्यानात ठेवावे. पण तो तज्ज्ञांच्या तपासणीतून गेला आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. मृत्यूंबद्दल मात्र घाई नको. रँड या संस्थेने २०१६ मध्ये गणित करून सांगितले होते की मृत्यूच्या बाबतीत यंत्र माणसाइतके तरी सुरक्षित आहे असे खात्रीने म्हणायला एकही मृत्यू न होता साडेसत्तावीस कोटी मैल धावावे लागेल.

तरीही याच वेमोला डिसेंबर २०२५ मध्ये सॉफ्टवेअरचे रिकॉल जाहीर करावे लागले, कारण मुलांना चढवण्या-उतरवण्यासाठी थांबलेल्या शाळेच्या बसला तिच्या गाड्या ओलांडून जात होत्या. ऑस्टिनमध्ये शाळांच्या यंत्रणेनेच हे प्रकार टिपून तक्रार केली होती. माणूस असा वागला तर एक माणूस वागतो. सॉफ्टवेअर असे वागले तर ताफ्यातली प्रत्येक गाडी तशीच वागते. म्हणून यंत्राच्या चुकीला सरासरीचा निकष एकटा पुरत नाही. चूक किती लवकर बाहेर येते आणि ती कोण कबूल करतो, यावर सगळे अवलंबून राहते.

कबूल न केल्याचे काय होते हे क्रूझ या जनरल मोटर्सच्या चालकरहित टॅक्सी कंपनीने दाखवले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका माणसाने चालवलेल्या गाडीने बाईला उडवले आणि ती शेजारच्या क्रूझच्या चालकरहित गाडीसमोर पडली. गाडीने ब्रेक लावला, धडक बसली, गाडी थांबली. इथवर कुणी तिला फार दोष दिला नसता. पण आपल्याला बाजूने धक्का लागला असा यंत्रणेचा समज झाला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबावे म्हणून ती पुन्हा निघाली. खाली अडकलेल्या बाईला तिने सुमारे वीस फूट फरपटत नेले. नंतर सरकारी अधिकाऱ्यांना आणि पत्रकारांना जे सांगितले त्यातून हे फरपटणे गाळले गेले. कॅलिफोर्नियाने परवाना निलंबित केला, मुख्य अधिकारी पायउतार झाले, खोटा अहवाल दिल्याबद्दल फौजदारी दंड भरावा लागला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने या सेवेचा पैसाच थांबवला. क्रूझला धडकेने बुडवले नाही, लपवालपवीने बुडवले. तिथे २०२१ पासून अशा गाड्यांचे अपघात सरकारला कळवणे सक्तीचे आहे म्हणून निदान हे घडले. आपल्याकडे अ‍ॅडास चालू असताना किती अपघात झाले याचा जाहीर आकडा शोधून पाहा.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. दुसऱ्या पायरीची गाडी कुठे चालणार नाही याची यादी कंपन्या माहितीपुस्तकात देतात: जोराचा पाऊस, धुके, पुसट झालेले पट्टे, तीव्र वळणे, रस्त्याचे काम चालू असलेली जागा, आडवी येणारी जनावरे. जुलैतला आंबा घाट किंवा कोणताही राज्य महामार्ग डोळ्यांसमोर आणा. यादीतले एकही कलम सुटत नाही. कायद्याच्या भाषेत ही सावधगिरीची सूचना आहे, व्यवहारात हा आगाऊ घेतलेला राजीनामा आहे.

आणि ऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, ऊस ट्रॉलीच्या बाहेर चार हात आलेला, आणि टायर फुटला तर ती रात्रभर तिथेच डांबरावर उभी. दर हंगामात दुचाकीवाले आणि गाडीवाले त्यावर जाऊन आदळतात. रडारवर भिस्त ठेवणाऱ्या अनेक यंत्रणा महामार्गाच्या वेगाला स्थिर वस्तूंकडे मुद्दाम काणाडोळा करतात. नाहीतर प्रत्येक पाटी, कमान आणि पुलाच्या कठड्याला गाडी ब्रेक मारत बसेल. अमेरिकेत दिवे चमकवत उभे असलेले अग्निशमनाचे बंब या गाड्यांना टळले नाहीत. बिनदिव्याची ट्रॉली टळेल असे कुणी कशाच्या जोरावर सांगावे? ट्रॉलीला दिवा लावणे हे साखर कारखान्यांचे आणि आरटीओचे काम आहे, ते आधी व्हायलाच हवे. पण भारतात गाडी विकताना ‘ट्रॉली ओळखते का’ हा प्रश्न चाचणीत नसेल तर ती चाचणी दुसऱ्याच देशाची झाली. २०२२ च्या मृतांत दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून अधिक आणि पायी चालणारे जवळजवळ २० टक्के होते. टेंपीतल्या यंत्रणेला पट्ट्यांबाहेरचा पादचारी ठाऊक नव्हता. आपल्याकडे मुळात पट्ट्यांवरून जाणारा पादचारी दाखवा.

अशा गाड्यांची चर्चा निघाली की हमखास ‘एक म्हातारी वाचवायची की दोन मुले’ हे कोडे निघते. त्यावर जगभरातून कोट्यवधी उत्तरेही गोळा झाली आहेत. मला हा वेळेचा अपव्यय वाटतो. गाडी कुणाला मारायचे ते निवडत नाही. कुणाला ओळखायचे हे तिच्या कारखान्यात आधीच निवडलेले असते. नीतीचा प्रश्न तिथे आहे.

हा प्रश्न आपल्याकडे अधिक झोंबतो, कारण दोष खाली ढकलण्याचा सराव आपल्याला जुना आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता. नंतर पोलिसांनी जे आरोप ठेवले त्यात ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होता, आणि घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला दडपल्याचाही. न्यायालयाचा निर्णय काय लागायचा तो लागेल. पण ‘ड्रायव्हरला पुढे करा’ हे ऐकून पुण्यात कुणाला नवल वाटले नाही. आता कल्पना करा की त्या जागी बाराशे किलोमीटरवरच्या संगणकावर लिहिलेले सॉफ्टवेअर आहे आणि पगारी ड्रायव्हर नुसता स्टिअरिंगमागे बसला आहे. मालक म्हणेल गाडी तो चालवत होता, कंपनी म्हणेल लक्ष त्याचे हवे होते. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणे मृत्यू घडवणाऱ्या व्यक्तीला पकडते. सॉफ्टवेअर व्यक्ती नाही, ड्रायव्हर मात्र व्यक्ती आहे.

कायद्यात सगळेच कोरे आहे असेही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दोन चांगली हत्यारे आली. कलम १६४ नुसार मृत्यू झाला तर कुणाची चूक हे सिद्ध न करताही पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळू शकतात. कलम ११०अ नुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. पण त्याच दुरुस्तीतले कलम २ब म्हणते की संशोधनाला उत्तेजन म्हणून काही प्रकारच्या वाहनांना केंद्र सरकार या कायद्यातूनच सूट देऊ शकते. सूट कुणाला, कोणत्या अटींवर, हे कुणाच्या हातात राहील ते वेगळे सांगायला नको. शिवाय पाच लाख देतो मालक किंवा त्याची विमा कंपनी. ज्याच्या रचनेत दोष होता तो त्या चित्रात येतच नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागता येते खरी, पण तो कायदा मुळात ग्राहकासाठी आहे. गाडीखाली आलेल्याने ती विकत घेतलेली नसते.

दुसरीकडे वाट कशी काढली आहे? ब्रिटनने मे २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा कायदा केला. गाडी अधिकृत स्वयंचलित अवस्थेत असेल तर ती कशी चालली याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही; जिने ती बाजारात आणली त्या कंपनीला उत्तर द्यावे लागेल. जी गाडी तशी अधिकृत नाही तिची ‘स्वतः चालते’ अशी जाहिरात करणे गुन्हा. जर्मनीत मर्सिडीजने २०२२ पासून तिसऱ्या पायरीची सोय विकायला काढली, सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंत आणि ठरावीक महामार्गांवरच, पण ती चालू असताना गाडीच्या वागण्याची जबाबदारी आपली असे कंपनीने सांगितले. मला ही मर्यादा फार बोलकी वाटते. जबाबदारी स्वतःवर आली की कंपन्या वेग, रस्ता आणि हवामान यांबद्दल आपोआप विचारी होतात. ती ग्राहकावर असली की तीच सोय कुठेही, कितीही वेगात चालते.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही, आणि ‘नवे तंत्रज्ञान आहे, आधी येऊ द्या’ हेही मला मान्य नाही. ज्या क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही यंत्राच्या हातात असतील त्या क्षणाच्या अपघातात उत्पादक हा पहिल्या दिवसापासून पक्षकार असला पाहिजे, मग माहितीपुस्तकात काहीही छापलेले असो. हातावरचे आणि डोळ्यांवरचे लक्ष टिपणारी यंत्रणा नसेल तर अंतर राखणे आणि पट्ट्यात ठेवणे या दोन सोयी एकत्र विकूच देऊ नयेत. नुसता इशारा देणाऱ्या आणि धडकेआधी ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण तिथे गाडी माणूसच चालवतो आणि यंत्र त्याची चूक सावरते. मोठ्या बस आणि ट्रकना आपत्कालीन ब्रेक आणि डुलकीचा इशारा देणारी सोय सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला, तो योग्यच आहे. ही सोय चंद्रपूरहून निघून उरणला पोचणाऱ्या ट्रकमध्ये आणि रात्रीच्या एसटीत आधी हवी. पंचवीस लाखांच्या गाडीत रील काढण्यापुरती ती नंतर आली तरी चालेल. वाहने प्रमाणित करणारी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवरच बसते. चाचणीत उसाची ट्रॉली उभी करायची तर तिला फार लांब जावे लागणार नाही.

रोजगाराचे गडकरींचे म्हणणे मी बाजूला ठेवले, ते खोटे आहे म्हणून नव्हे. ड्रायव्हरची नोकरी राखायची असेल तर त्याच्यावर येणारा नाहक गुन्हाही टाळला पाहिजे, एवढेच तिथे जोडावेसे वाटते. गाडी यंत्र चालवते आणि तुरुंगात ड्रायव्हर जातो, अशी नोकरी वाचवून कुणाचे भले होणार आहे?

राहिला पुराव्याचा मुद्दा, आणि सगळे शेवटी तिथेच अडते. आज अपघात झाला की हवालदार टेपने टायरच्या खुणा मोजतो, दोन पंचांच्या सह्या घेतो, आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते. अ‍ॅडास चालू होते का, कॅमेऱ्याला काय दिसले, ब्रेक यंत्राने दाबला की माणसाने, ताबा कोणत्या क्षणी सुटला, यातले काहीच पंचनाम्यात नसते. ती नोंद गाडीच्या चिपमध्ये असते किंवा कंपनीच्या सर्व्हरवर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आलेली एखादी विधवा ती नोंद कुणाकडे मागणार, आणि मायामीसारखा तज्ज्ञ तिने कुठून आणायचा? मृत्यू किंवा गंभीर इजेच्या प्रत्येक अपघातात ही नोंद ठरावीक तासांत, कंपनीच्या खर्चाने, वाचता येईल अशा स्वरूपात पोलिसांकडे आणि न्यायाधिकरणाकडे गेली पाहिजे, असा नियम लागेल. आणि ती आली नाही तर ती कंपनीच्या विरुद्धच होती असे न्यायाधिकरणाने धरावे. हातातला पुरावा पुढे न आणणाऱ्याविरुद्ध असे गृहीत धरण्याची मुभा आपल्या पुरावा कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. निदान एवढ्यासाठी तरी कुणाला नव्या विधेयकाची वाट पाहावी लागणार नाही.